दुखणे जिभेला, मग शस्त्रक्रिया मानेवर का?

जिभेच्या कडेला कर्करोगाची जखम. मानेत हाताला एकही गाठ लागत नाही. तरीही सर्जन म्हणतात, जिभेबरोबर मानेतील लसिका ग्रंथीही काढू. नातेवाइकांचा प्रश्न मग ठरलेला असतो : "डॉक्टरसाहेब, दुखणं जिभेला, मग मान कशाला कापता?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पेशीच्या आत दडलेले आहे.

प्रत्येक पेशीत प्रथिनांच्या धाग्यांचा सांगाडा असतो. हाडांसारखा तो कायमचा नसतो. मांडवाच्या बांबूंसारखा गरजेप्रमाणे उभारला जातो आणि मोडला जातो. त्यातील सर्वांत बारीक धागे ॲक्टिन या प्रथिनाचे.

तोंडाच्या अस्तराच्या पेशी एरवी एकमेकींना घट्ट चिकटून एका पातळ पडद्यावर बसलेल्या असतात. कर्करोगात ही पकड सैल होते. पेशीच्या पुढच्या कडेला ॲक्टिनचे धागे वाढतात आणि आवरण पुढे ढकलतात. पुढे आलेला हा पाय आजूबाजूच्या तंतूंना धरतो, मग मागचा भाग आवळून ओढून घेतला जातो. जळू चालताना पाहिली असेल, तर हा प्रकार लगेच ध्यानात येईल. वाटेतला पडदा भेदण्यासाठी पेशी ॲक्टिनचेच खिळ्यांसारखे पाय त्यात रोवते आणि तेथून पडदा विरघळवणारी विकरे सोडते. पलीकडे लसिका वाहून नेणाऱ्या नलिका असतात. जिभेत त्यांचे जाळे दाट, आणि त्यांची वाट मानेतील ग्रंथींकडे जाते. घसा बिघडला की सुजतात, त्याच या.

ही विद्या कर्करोगाची स्वतःची नाही. जखम भरताना कातडीच्या पेशी अशाच सरकतात. पांढऱ्या पेशी जंतूंमागे अशाच धावतात. औषधाची अडचण तीच. ॲक्टिनवर घाव घालावा, तर हृदयाचे ठोकेही त्यावरच चालतात. सांगाड्यातील दुसऱ्या, नळीसारख्या धाग्यांवर औषधे आहेत. सदाफुलीपासून मिळालेले व्हिंक्रिस्टीन त्यांपैकीच. पण ते मुख्यतः पेशींचे विभाजन रोखते. (परसातली सदाफुली वाटून पिऊ नका, ती विषारी आहे.)

मानेत पोचलेल्या मोजक्या पेशी बोटांना लागत नाहीत, कधी स्कॅनमध्येही दिसत नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने हाच प्रश्न तपासला. तोंडाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील काही रुग्णांच्या मानेतील ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, इतरांच्या मानेत रोग दिसू लागल्यावर. २०१५ साली ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षे जगण्याचे प्रमाण पहिल्या गटात ८० टक्के, तर दुसऱ्यात ६७.५ टक्के निघाले. एवढा फरक असताना केवळ भीतीपोटी मानेच्या शस्त्रक्रियेला नकार देणे मला तरी पटत नाही.

नंतर खांदा जड होऊ शकतो, हात वर उचलताना त्रास होतो. त्यासाठी शिकवलेले व्यायाम घरी गेल्यावरही चालू ठेवावेत.