सतरा वर्षांनी आलेली आठ गाणी

कोकणातल्या लांजा तालुक्यात शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे शाहिरांच्या सवाल-जबाबांचा, सामना रंगतो तेव्हा श्रोत्यांचे कान शाहिराच्या शब्दांवर असतात. समोरच्याने घातलेल्या सवालाला उसन्या गाण्याने उत्तर देऊन भागत नाही, रचना स्वतःची लागते. मुंबईत इंग्रजी रॉक वाजवणाऱ्या तरुणांना मात्र १९८०च्या दशकात उसन्या गाण्यांवरच टाळ्या मिळत. परदेशी बँडचे गाणे हुबेहूब वाजवले की मैफल जिंकली!

१९८४ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या ‘रॉक मशीन’ या बँडने ही चाकोरी मोडली. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा त्यांचा अल्बम आला. १९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले आणि १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला. दोन वर्षांनी बँड थांबला. गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले.

२०१० मध्ये बँड पुन्हा एकत्र आला. बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बलापोरिया हे जुने तिघे. बेस गिटारवर रुशद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे नवे दोघे. जुनी लोकप्रिय गाणी वाजवत फिरणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी नवी गाणी रचली, आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा आठ गाण्यांचा अल्बम आला.

यातले रॉक पूर्वीपेक्षा गडद आहे, ‘अल्टरनेटिव्ह’ वळणाचे. हा प्रवाह अमेरिका-ब्रिटनमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्या आणि कॉलेजांची रेडिओ केंद्रे यांच्या आधाराने वाढला. १९९१ मध्ये ‘निर्वाणा’ बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आणि ‘पर्ल जॅम’ बँडचा ‘टेन’ हे अल्बम आले आणि तो घरोघरी पोहोचला. ‘टेन’चे मिक्सिंग करणारे टिम पामर यांनीच ‘इव्हॉल्व्ह’चेही मिक्सिंग केले.

मिक्सिंग म्हणजे काय? स्टुडिओत ड्रम, बेस, गिटार आणि आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेता येतात. एका ड्रमसंचालाच कितीतरी माइक लागतात. मग कोणता आवाज पुढे आणायचा, कोणता मागे ठेवायचा, कोणता डाव्या कानाला द्यायचा आणि कुठे घुमू द्यायचा, हे ठरवत सगळे एकत्र बसवतात. गिटार जरा जास्त चढली की शब्द बुडतात. मंचावर निसटलेला सूर निघून जातो. स्टुडिओत तो पुन्हा गाता येतो. पण घासून घासून गाण्यातला जीव जाण्याचा धोकाही इथलाच. ‘इव्हॉल्व्ह’मध्ये तो जीव शाबूत आहे, हे त्याचे मोठे यश. वाद्यांची गर्दी असूनही बेनेगलांचा आवाज कुठे गुदमरत नाही.

अल्बम ऐकायचा तो हेडफोन लावून आणि दिलेल्या क्रमानेच. ‘फायरफ्लाइज’ हे यातले गाणे सुटे ऐकले तर छान वाटते. आधी-नंतरच्या गाण्यांसह ऐकले, की पाच जणांनी मिळून काय उभे केले आहे ते उमगते. इंग्रजी शब्द पहिल्या फेरीत निसटले तरी हरकत नाही. तेव्हा मिस्त्रींच्या बेसवर कान ठेवावा, शब्दांसाठी दुसरी फेरी आहेच.