वाचतां न येणारें पुस्तक

सकाळीं घराबाहेर पडल्यापासून दुकानांच्या पाट्या, बसगाड्यांवरील नांवें, भिंतींवरील जाहिराती आपण सारख्या वाचीत असतों. अक्षर दिसलें कीं त्यांत अर्थ असणारच, असें आपण धरून चालतों. या समजुतीचीच परीक्षा पाहणाऱ्या एका चिनी चित्रकाराची ओळख आज करून द्यावयाची आहे.

शू बिंग यांचा जन्म १९५५ सालचा. वडील बीजिंगच्या विद्यापीठांत इतिहासाचे अध्यापक आणि आई ग्रंथालयांत. त्यामुळें वाचतां येण्यापूर्वींच ते ग्रंथांच्या सहवासांत वाढले. परंतु त्याच काळांत सरकारनें लिपी सोपी करण्याचें काम चालविलें होतें. काल घोकलेलें अक्षर आज बदलावें, असें होई. पुढें १९६६ मध्यें सांस्कृतिक क्रांति सुरू झाली. मोठमोठ्या अक्षरांचीं भित्तिपत्रकें लागूं लागलीं आणि त्यांतील शब्दांनीं कित्येकांचे संसार उद्ध्वस्त केले. लिहिलेल्या शब्दावर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न त्यांच्यापुढें असा बालपणींच उभा राहिला.

१९८७ मध्यें त्यांनीं एक विलक्षण काम आरंभिलें. चिनी लिपीचेच अवयव जुळवून, परंतु ज्यांना कांहींच अर्थ नाहीं अशीं सुमारें ४,००० अक्षरें त्यांनीं रचिलीं, लाकडी ठशांवर स्वहस्तें कोरलीं आणि जुन्या पद्धतीनें छापून त्यांचे ग्रंथ बांधविले. १९८८ सालीं बीजिंगमध्यें तीं प्रदर्शनांत मांडलीं, तेव्हां छतापासून लांबच लांब छापील पट्टे झुलत होते. निदान एक तरी ओळखीचें अक्षर सांपडेल, या आशेनें प्रेक्षक शोधीत राहिले. अर्थ मात्र लागेना. पणजोबांचें मोडी पत्र आपल्याला लागत नाहीं, तरी तें वाचणारा कोणीतरी असतो. येथें खुद्द कर्त्यालाहि वाचतां येत नाहीं! या कृतीचें नांव 'आकाशग्रंथ'. चिनी बोलण्यांत या शब्दाचा अर्थ 'अगम्य लिखाण' असाहि होतो.

पुढें त्यांनीं याच्या नेमकें उलट पुस्तक केलें. 'भूमिग्रंथ' या नांवाच्या त्या पुस्तकांत शब्द एकहि नाहीं. विमानतळावरील फलक आणि संगणकांतील चित्रखुणा यांच्या साहाय्यानें एका नोकरदाराचे २४ तास त्यांत वर्णिले आहेत.

पहिल्या ग्रंथापुढें पंडित व निरक्षर सारखेच अडतात; दुसरा दोघांनाहि वाचतां यावा, अशी अपेक्षा आहे. तरी ज्यानें विमानतळ वा संगणक कधीं पाहिलाच नाहीं, त्याला तोहि अडेल. खूण कोणतीहि असो, ती शिकावी लागते. तिचा अर्थ कागदांत नसून माणसामाणसांच्या संकेतांत असतो. उद्यां एखादी पाटी वाचतांना एवढें आठवलें तरी पुरे.