काचेच्या पेटीतील केंड

पंढरपूरपासून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी दोनशे किलोमीटरांहून दूर आहे. चंद्रभागेचे पाणी समुद्राला मिळते खरे. परंतु भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला, असा तो लांबचा प्रवास आहे. अशा गावी कोणाला आपल्या घरी केंड नावाचा समुद्रातील मासा पाळावासा वाटला, तर मासा आणण्यापूर्वी त्याला समुद्रच आणावा लागेल! मुंबईस १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा समुद्र त्याच्या समोरच होता. पंढरपुरात तो घरी तयार करावा लागतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. केंड हातभर वाढतो आणि सतत हिंडतो. म्हणून त्याला चारशे-पाचशे लिटरांची पेटी हवी. चारशे लिटर पाण्यासाठी हिशेबाने चौदा किलो क्षार लागतील. येथे स्वयंपाकघरातील मीठ मात्र उपयोगाचे नाही. समुद्रात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षार ठराविक प्रमाणात असतात. ते सर्व असलेले खास मिश्रण क्लोरीन काढून टाकलेल्या स्वच्छ पाण्यात विरघळवावे लागते.

पाणी खारट झाले म्हणजे समुद्र झाला, असे नाही. माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशाला विषासारखा आहे. वाळूत व दगडांवर वाढणारे काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि दुसरे जीवाणू त्याचे कमी घातक असे नायट्रेट बनवतात. ही अदृश्य मंडळी पेटीत नांदू लागण्यास महिना-दीड महिना लागतो. तोपर्यंत पेटी माशावाचून ठेवण्याचा धीर धरावा लागतो; तो नसल्यामुळे कितीतरी मासे पहिल्याच आठवड्यात मरतात.

मग येतो उन्हाळा. पंढरपुरात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. केंडाला मात्र २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायूही कमी होतो. शिवाय पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. पेटीतील पाणी चार बोटे उतरले, तर राहिलेले पाणी अधिक खारट होते. तेव्हा ही तूट भरून काढताना खारे पाणी न ओतता गोडे पाणीच ओतावे लागते. दर आठवड्यास थोडे जुने पाणी काढून नवे घालताना मात्र ते खारेच हवे. वीज गेली, तर हवा सोडणारा पंप चालू ठेवण्याची वेगळी सोयही हवी.

इतके कष्ट ज्याच्यासाठी घ्यायचे, तो प्राणी आहे तरी कसा? अंग जाडजूड, डोळे मोठे; काही जातींचे तोंड तर थेट कुत्र्याच्या पिल्लासारखे. पोहताना तो शेपटीपेक्षा इतर पर आणि कल्ल्यांजवळचे छोटे पर अधिक हलवतो. त्यामुळे तो जागच्या जागी वळतो, मागेही सरकतो. तो मोठा चौकस असतो. त्याच्या तोंडात चार दात असून ते चोचीप्रमाणे दिसतात आणि जन्मभर वाढतात. समुद्रात खेकडे आणि शिंपले फोडताना ते झिजतात. पेटीत त्याला नुसते मऊ अन्न दिले, तर वाढलेल्या दातांमुळे तोंड उघडेनासे होते आणि अन्न समोर असून तो उपाशी मरतो. म्हणून कवचासहित शिंपले त्याला द्यावे लागतात. या दातांचा प्रताप कोकणातील मच्छीमारांना चांगला ठाऊक आहे. केंड त्यांची जाळी कुरतडतो.

घाबरला की केंड घटाघट पाणी गिळून चेंडूसारखा फुगतो. त्याला बरगड्या नसतात आणि जठर फार ताणले जाते, म्हणून हे साधते. पाहणाऱ्यांना याची मौज वाटते. केंडाच्या दृष्टीने तो जिवावरचा प्रसंग असतो. पूर्ववत होण्यास त्याला काही तास लागू शकतात. पाण्याबाहेर काढल्यास तो हवा गिळतो आणि ती बाहेर टाकणे त्याला कठीण जाते. यासाठी त्याला हलवताना जाळीने उचलत नाहीत. पाण्यातच भांडे बुडवून त्यासकट घेतात.

त्याचे दुसरे शस्त्र विष. अनेक जातींच्या केंडांच्या यकृतात व अंड्यांत ते असते. १७७४ च्या सप्टेंबरात न्यू कॅलेडोनिया बेटावर कॅप्टन कुक आणि त्याच्या दोन सोबत्यांनी अशा माशाचे यकृत व अंडी नुसती चाखली. रात्री त्यांचे हातपाय बधिर झाले. पाण्याने भरलेले भांडे आणि पीस यांच्या वजनातला फरक कुकच्या हाताला कळेना! ते तिघे वाचले; त्या माशाची आतडी खाल्लेले डुक्कर मात्र सकाळी मेलेले आढळले. पेटीतील केंडाला कोणी खात नाही, हे खरे. तरी त्याला उघड्या हाताने चाळवू नये. दातही आहेतच.

नीट सांभाळलेला केंड दहा वर्षेही जगतो. रोज अन्न देणारे माणूस जवळ आले की तो काचेपाशी धावतो, पर हलवीत वरखाली करतो, आणि अन्नाला उशीर झाला तर पाण्याची पिचकारीही उडवतो.