‘आमच्याकडे आहे, छान आहे, घे!’

दिवाळी जवळ आली की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, ‘लहान मुलाला काय द्यावं?’ मग कुणी फोटो टाकतं, कुणी तुळशीबागेतलं दुकान सांगतं, कुणी ‘सुट्टीत मुलांना अमुक सिनेमाला न्याच’ असा सल्ला देतं. तीन वर्षांपूर्वी हा प्रश्न माझ्या भाचीनं विचारला. तिचा मुलगा तेव्हा सव्वा वर्षाचा होता. मी लगेच उत्तर दिलं : प्राण्यांच्या आवाजाचं पुस्तक. चित्राशेजारचं बटण दाबलं की गाय हंबरते, कोंबडा आरवतो. आमच्या शेजाऱ्यांकडे ते होतं आणि त्यांचा नातू त्यात खूप रमायचा. ‘छान आहे, घे,’ एवढं लिहून मी ओपीडीला निघून गेले.

भाचीनं ऑनलाइन पाहिलं. साडेचार तारे आणि खाली कौतुकाचे भरपूर अभिप्राय. तिनं पुस्तक मागवलं.

चार महिन्यांनी एका संध्याकाळी बाळ दूध घेईना. तोंडातून सारखी लाळ गळत होती, मधूनच उबळ येत होती. तिच्या सासूबाईंना वाटलं, दाढा येताहेत. दोनेक तासांनी भाचीच्या पायाखाली प्लॅस्टिकचं एक छोटं झाकण आलं. ते त्या पुस्तकामागचं होतं. आतला सेल जागेवर नव्हता. तिनं मला फोन केला तेव्हा तिला बोलताही येत नव्हतं.

एक्स-रेत छातीच्या वरच्या भागात एक पांढरी गोल चकती दिसली. पाहताक्षणी नाणं वाटावं अशी. पण कडेला दुहेरी वर्तुळ होतं. नाण्याला ते नसतं, बटण सेलला असतं. भूल देऊन दुर्बिणीतून सेल काढला तेव्हा तो गिळून किमान पाच तास झाले असावेत. अन्ननलिका आतून भाजली होती. पुढे तीन आठवडे नळीवाटे दूध द्यावं लागलं. नंतर ती जागा आकसली, म्हणून चार वेळा भूल देऊन रुंद करावी लागली. आज तो दिवाळीचा चिवडा मागून खातो. सगळ्याच मुलांच्या नशिबी असा शेवट नसतो.

त्या रात्री वॉर्डाबाहेर भाचीचा नवरा फोनवर कुणाला तरी सांगत होता, ‘‘डॉक्टर मावशी म्हणाल्या, म्हणून आम्ही डोळे झाकून घेतलं.’’ त्यात तक्रार नव्हती. कसं घडलं, एवढंच तो सांगत होता. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. कारण शेजाऱ्यांचा नातू पाच वर्षांचा होता, आणि हे मी लिहिलंच नव्हतं.

मत खरं असतं, पण कशाबद्दल?

मी खोटं बोलले नव्हते. ऑनलाइन अभिप्राय लिहिणारेही खोटं बोलत नव्हते. पुस्तक खरंच छान होतं. गडबड वेगळीच होती. खेळण्याविषयीचं घरगुती मत काही प्रश्नांची उत्तरं उत्तम देतं आणि काही प्रश्नांची मुळीच देत नाही. आणि आपण दोन्ही एकाच ताऱ्यांमध्ये मोजतो.

मूल त्यात रमतं का, आवाज डोकं उठवतो का, आठवड्यात मोडतं का, पैसे वसूल होतात का, हे ज्याच्या घरी ती वस्तू आहे त्यालाच विचारावं. तिथे तज्ज्ञापेक्षा शेजारीण जास्त उपयोगी पडते.

पण धोका? समजा, एखाद्या खेळण्यामुळे दहा हजारांतल्या एका मुलाला गंभीर इजा होते. म्हणजे ९,९९९ घरं मनापासून ‘छान आहे’ म्हणणार, आणि ते खरंच असणार. उरलेलं एक घर त्या वेळी रुग्णालयात असतं. अभिप्राय लिहायला त्याला सुचत नाही. शिवाय बहुतेक लोक वस्तू नवी असतानाच मत देतात. झाकणाचा स्क्रू मात्र महिन्यांनी सैल होतो. आणि रंगातलं शिसं तर कुणालाच दिसत नाही. शिशानं मुलाच्या वाढत्या मेंदूला इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शिशाची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही. लाल चटक रंगाला पाच तारे देणाऱ्या आईला हे कळणार कुठून?

म्हणून ‘मुलाला आवडेल का’ हे लोकांना विचारा. ‘मुलाला अपाय होईल का’ हे मात्र तपासणी करणाऱ्याला विचारा.

खेळणी : आयएसआय चिन्ह आणि आपले हात

अशी तपासणी आपल्याकडे होते. भारतीय गुणवत्ता परिषदेनं २०१९ मध्ये आयात खेळण्यांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ६७ टक्के नमुने नापास झाले. त्यानंतर केंद्र सरकारनं २०२० मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झालं. त्यामागे खेळणं वरून टाकून पाहणं, भाग ओढून आणि पिळून पाहणं, रंगातून शिसं किती सुटतं ते मोजणं अशा चाचण्या असतात. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपमध्ये टाकला की तो खरा आहे का, हे दुकानात उभ्याउभ्याच कळतं. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना या आदेशातून सूट आहे. त्यामुळे हातानं केलेल्या लाकडी खेळण्यावर हे चिन्ह नसेल, तर ते लगेच वाईट ठरत नाही. पण तिथे आपली नजर अधिक बारीक हवी.

घरीही एक साधी चाचणी करता येते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यातला सुटा भाग घशात अडकेल का, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. माझ्या वयाच्या वाचकांना कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी आठवत असेल. तिचं तोंड साधारण तेवढंच. त्या डबीत जे पूर्ण मावतं, ते तान्ह्या मुलाच्या हाती नको.

आपल्या पुण्यातच, आयुकाच्या विज्ञान केंद्रात, अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी अशा टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी घडवली. शाळकरी मुलांसाठी यापेक्षा चांगलं खेळणं मी सांगू शकत नाही. पण तीच काडी आणि तीच नळी दीड वर्षाच्या धाकट्या भावाच्या हाती धोक्याची ठरते. म्हणजे खेळणं नुसतं चांगलं असून भागत नाही. ते कोणत्या वयासाठी चांगलं, हे आधी पाहावं लागतं.

सेल गिळला तर

लिथियमचा २० मिलिमीटरचा बटण सेल साधारण रुपयाच्या नाण्याएवढा असतो. तो फुटून आतलं रसायन बाहेर येतं म्हणून इजा होते, असा समज आहे. प्रत्यक्षात तो न फुटताच भाजतो. अन्ननलिकेच्या ओल्या आवरणामुळे त्याचं विद्युतमंडल पूर्ण होतं, वीज वाहू लागते आणि ऋण टोकाजवळ कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्कली तयार होतो. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. खेळण्यासाठी ‘संपलेल्या’ सेलमध्येही एवढी वीज उरलेली असते. काही मुलांमध्ये जखम खोल जाऊन सेल काढल्यानंतरही काही दिवसांनी रक्तस्राव होतो.

अचानक लाळ गळणं, गिळायला त्रास, खोकला, आवाज बसणं ही लक्षणं असतात; कधी काहीच लक्षण नसतं. नुसती शंका आली तरी मुलाला लगेच अशा रुग्णालयात न्या, जिथे एक्स-रे आणि लहान मुलांची दुर्बीण तपासणी होते. गरज पडली तर १०८ ला फोन करा. उलटी करवू नका, केळं-भात भरवू नका. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर मध द्या. जास्तीत जास्त सहा वेळा. मधाचा थर भाजण्याचा वेग कमी करतो. पण मध आणायला म्हणून थांबू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध कधीही द्यायचा नाही. सेल नाकात किंवा कानात गेला असेल, तर कोणतेही थेंब घालू नका.

छोट्या, ताकदवान लोहचुंबकांचंही असंच. एकापेक्षा जास्त गिळले गेले तर आतड्याची दोन वेटोळी मध्ये धरून ते एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडतं. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटातही फुगतात, आणि साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाहीत.

आणखी एक लक्षात ठेवा. टीव्हीचा रिमोट, स्वयंपाकघरातला वजनकाटा, गाणारं भेटकार्ड आणि दिवाळीतल्या सेलवरच्या पणत्या ही खेळणी नव्हेत. त्यांना खेळण्यांचा नियम लागू नाही. यंदा पणत्या खाली रांगोळीत ठेवण्याआधी मागचं झाकण नखानं उघडतं का, ते एकदा पाहा. नखानं उघडत असेल, तर मुलालाही उघडता येईल.

सिनेमा : ‘आमचा तर आवडीनं बघत होता’

सिनेमाविषयीच्या मतांचंही असंच होतं. गेल्या वर्षी मधुमेहाच्या तपासणीला आलेल्या एक आजी शेवटी हळूच म्हणाल्या, ‘‘नातू सिनेमा पाहून आल्यापासून एकटा झोपत नाही, पुन्हा अंथरूण ओलं करतो.’’ नातू सहा वर्षांचा. सोसायटीतल्या सगळ्यांनी ‘मुलांना दाखवाच’ म्हटलं होतं. सिनेमा चांगला असेलही. पण साधारण सात वर्षांपर्यंत पडद्यावरचं खरं आणि खोटं वेगळं करणं मुलाला जड जातं. समोर रक्त दिसलं की ते त्याच्यासाठी रक्तच असतं. आणि थिजून, न हलता बसलेलं मूल पालकांना ‘अगदी रमलेलं’ वाटतं.

इथेही मत देणाऱ्याला कथा आवडली का हे विचारा, वयाचं मात्र प्रमाणपत्र पाहा. कायद्यातल्या २०२३ च्या सुधारणेनंतर यूए या वर्गाचे तीन भाग झाले : यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. ‘ए’ चित्रपटाला मुलांना थिएटरात प्रवेश नसतो. यूएमध्ये मात्र निर्णय पालकांवर सोडलेला असतो. म्हणजे दारावर कुणी अडवलं नाही, याचा अर्थ तो सिनेमा आपल्या मुलासाठी आहे, असा होत नाही. घरच्या पडद्याबाबत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला आहे : दोन वर्षांपर्यंत पडदा नको, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल चालेल, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीनं.

पुस्तकांबाबत मात्र मी निर्धास्तपणे लोकांचं ऐकते. बिनसेलाच्या, साध्या कागदी पुस्तकाची निवड चुकली, तर फार तर ते कपाटात पडून राहतं. अप्पा बळवंत चौकात दुकानदाराला, शाळेतल्या बाईंना, शेजारच्या आजोबांना विचारा. माधुरी पुरंदरे यांची चित्रमय पुस्तकं मलाही अशीच कुणीतरी सुचवली होती. ‘छान आहे, घे’ हे वाक्य तिथे पुरेसं आहे.

मत कसं द्यावं?

मत देणं थांबवा, असं मी म्हणत नाही. नव्या आईला दुसऱ्या आईचा अनुभव लागतोच. फक्त तो पूर्ण लिहावा. आपलं मूल किती वर्षांचं? वस्तू किती महिने वापरली? काय मोडलं, काय सुटं झालं? सेल आहे का, आणि झाकणाला स्क्रू आहे का? काही विपरीत घडलं असेल, तर तेही जरूर लिहा. त्या एका घराचं मत बाकीच्या हजारांना वाचवू शकतं.

भाचीनं ते लिहिलं. मूल घरी आल्यावर महिनाभरानं, त्या कौतुकाच्या गर्दीत, तिनं एक तारा देऊन सहा ओळी लिहिल्या. त्याखाली कुण्या अनोळखी बाईनं उत्तर दिलं होतं : ‘वाचून उठले, आमचं झाकण पाहिलं. सैल होतं.’

यंदा ग्रुपवर पुन्हा तोच प्रश्न आला आहे. मी अजून काहीच सुचवलेलं नाही. आधी विचारलं, ‘‘मूल किती महिन्यांचं आहे?’’