पंचवीस तारखेला किंमत शून्य

चर्चच्या पार्किंगमध्ये भर पावसात उभं राहून झाडं विकायची, तीही एक डॉलर न घेता! एमएससाठी ओरेगॉनला गेलेल्या माझ्या मैत्रिणीने मागच्या डिसेंबरमध्ये हे उद्योग केले, तेव्हा तिच्या आईने फोनवरच विचारलं, ''अगं, यासाठी कर्ज काढून पाठवलंय का तुला?''

प्रश्न चुकीचा नव्हता. पण विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर पगारी काम सहसा करता येत नाही, सेमिस्टर संपलेली, घरी यायला तिकिटाचे पैसे नाहीत. रूमवर एकटीने बसून करणार काय? एका सीनियरने 'चल' म्हटलं, ही गेली.

थँक्सगिव्हिंग आटोपलं की अमेरिकेत गावोगावी असे 'ट्री लॉट' लागतात. स्काउट्सची पथकं, लायन्स आणि ऑप्टिमिस्ट क्लब, चर्चची मंडळी मोकळ्या जागेत दिव्यांच्या माळा लावून खरी ख्रिसमस ट्री विकतात. नफा गावातल्याच कुठल्यातरी कामाला. सॅन फ्रान्सिस्कोतली 'द गार्ड्समन' ही १९४७ मध्ये सुरू झालेली संस्था तर गरजू मुलांच्या शिक्षणासाठी आणि समर कॅम्पसाठी मोठा ट्री लॉट चालवते. मैत्रिणीचा लॉट त्यापुढे अगदीच किरकोळ. पैसे जाणार होते गावातल्या फूड बँकेला.

आपण वर्गणीचं पुस्तक घेऊन दारोदार फिरतो. इथे मागायचं नाही, विकायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण झाडं शेतकऱ्याकडून आधीच घेऊन ठेवलेली असतात. ती विकली जावोत न जावोत, त्याचे पैसे द्यावेच लागतात. जागा फुकट, पगार कुणालाच नाही, म्हणून काहीतरी उरतं. थोडक्यात, नफा म्हणजे या लोकांनी दिलेले तास. आणि २५ तारखेला उरलेल्या झाडाची किंमत शून्य!

कामाचं वर्णन तिने इतक्या वेळा ऐकवलंय की आता मलाही ते करता येईल. गिऱ्हाईकाने झाड निवडलं की बुंध्याची एक पातळ चकती करवतीने कापायची. आधीच्या कापावर राळ साचून तो बंद झालेला असतो, ताजा काप दिला की झाड पाणी ओढतं. पहिल्याच दिवशी चारेक लिटरसुद्धा पितं म्हणे. मग ते जाळीच्या यंत्रातून ओढून त्याची गुंडाळी करायची आणि गाडीच्या टपावर आवळून बांधायची. हिची पहिली गाठ पार्किंगच्या गेटपर्यंतच टिकली. हाताला चिकटणारा चीक साबणाने जाईना. शेवटी आईने पाठवलेलं खोबरेल तेल कामी आलं. दोन दिवसांत ती बाटली अख्ख्या लॉटची झाली.

''पण झाडं तोडायची कशाला?'' हे मी विचारलंच. ती म्हणाली, ''अगं, हे जंगल नाही, पीक आहे. आपल्याकडे ऊस तसं.'' ओरेगॉन हे अमेरिकेतलं ख्रिसमस ट्रीचं सगळ्यात मोठं आगार. फक्त हा 'ऊस' पुरुषभर उंच व्हायला साधारण सात वर्षं लागतात. २००८च्या मंदीत शेतकऱ्यांनी रोपं कमी लावली, त्याचा चटका २०१६-१७च्या सुमारास बसला. झाडं कमी, भाव चढे. सण झाल्यावर बऱ्याच गावांत झाडं गोळा करून त्यांचा भुगा बागांमध्ये पसरतात.

तिच्या लॉटवर २२ तारखेपर्यंत तीसेक झाडं उरली होती आणि पाऊस हटत नव्हता. संध्याकाळी एक बाई दोन मुलांना घेऊन आली. सगळ्यात लहान झाडाची चिठ्ठी बघितली, चाळीस डॉलर. तिच्याकडे पंधराच होते. मैत्रीण म्हणाली, ''देऊन टाकूया ना, नाहीतरी उरणारच आहेत.'' हिशेब सांभाळणाऱ्या आजींनी मान हलवली. ''याचे पैसे फूड बँकेचे आहेत. ते सोडून द्यायचा हक्क तुला नाही, मलाही नाही.''

मैत्रिणीला राग आला. चॅरिटीच्या लॉटवर असं? मला फोनवर सांगतानाही तिचा आवाज चढला होता.

आजींनी स्वतःची पर्स उघडली, बाईचे पंधरा घेतले, आपले पंचवीस त्यात घातले आणि पेटीत टाकले. वहीत लिहिलं : एक झाड, चाळीस डॉलर, रोख. मग हिला म्हणाल्या, ''बघतेस काय? बांध.''