मालमोटारीचें फिरतें घर
भिवंडीच्या गोदामांपुढें उभी असलेली बंद मालमोटार पाहून तिचें फिरतें घर करावें, असें हौशी गृहस्थाच्या मनांत येतें. परंतु पत्र्यास करवत लावण्यापूर्वीं कायदा पाहावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ बनावटींत मनास येईल तसा फेरफार करूं देत नाहीं. नोंदणी-अधिकाऱ्याची संमति आधीं हवी. नंतर हवेचा विचार. कसारा घाट चढून इगतपुरीस थंडींत मुक्काम केल्यास निजणाऱ्यांच्या श्वासांतील बाष्प गार पत्र्यावर दंवासारखें जमतें व गंज आणतें. म्हणून आंतून उष्णतारोधक अस्तर आणि छतास झरोका हवा. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड. गळाल्यास तळाशीं सांचतो आणि एका ठिणगीनें भडकतो. यास्तव त्याच्या कपाटाच्या तळास बाहेर उघडणारें छिद्र ठेवावें. पडदे मागाहून शिवतां येतात. हवेची वाट मात्र आधींच ठेवावी लागते.