रस्ता गावाला मिळतो की वस्तीला? लातूरकरांनो, हे गणित समजून घ्या!

2011च्या जनगणनेत लातूर जिल्ह्याची लोकसंख्या होती 24,54,196. दर चार माणसांतली साधारण तीन खेड्यांत राहणारी. निलंगा, जळकोट, अहमदपूरकडे तर गावांच्या जोडीला वाड्या-तांडेही आहेत, आणि रस्त्याचं घोडं अडतं ते तिथंच.

👉 प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 25 डिसेंबर 2000ला सुरू झाली. निकष असा : मैदानी भागात 500, डोंगरी-आदिवासी भागात 250 लोकसंख्या. आधार 2001च्या जनगणनेचा.

👉 मेख कुठे आहे? जनगणनेचे आकडे महसुली गावाचे असतात, योजना मात्र वस्ती धरते. समजा, गावठाणात 1,200 माणसं आणि दोन किलोमीटरवरच्या तांड्यावर 300. गावठाणाला सडक मिळते, तांडा निकषात बसत नाही. कागदावर मात्र गाव रस्त्याला लागलेलं!

👉 अगदी जवळच्या, 500 मीटरच्या आतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. हे ग्रामसभेत आवर्जून मांडा.

👉 सप्टेंबर 2024मध्ये मंजूर झालेला योजनेचा चौथा टप्पा 2011ची जनगणना धरतो. तेव्हा 500चा आकडा गाठलेल्या वस्त्यांना आता संधी आहे.

👉 मार्च 2023पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट, 75 वर्षांपुढच्यांना त्याआधीपासूनच मोफत प्रवास. पण फाट्यापासून घरापर्यंत पायपीटच असेल, तर सवलत अर्धीच पदरात पडते.

रस्त्याचा हिशोब जनगणनेच्या आकड्यांवर होतो, आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. ऊसतोडीला, पुण्या-मुंबईला गेलेल्यांची नोंद कुठे होणार, याची चौकशी आत्ताच करा.

तुमच्या वस्तीपर्यंत एसटी येते का? गाव-तालुक्यासह कमेंटमध्ये लिहा.

#लातूर #मराठवाडा #ग्रामसडक